मूळव्याधीचा नवस

माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली आहे. सदऱ्याखाली ती दिसत नाही. वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. तिथे मी पुन्हा काउंटरमागे बसायला लागलो आहे आणि समोरच्याला काही कळत नाही. कळलं तरी आता फारसं वाटत नाही. सुरुवातीला फार वाटायचं.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या सासरकडच्या एका गृहस्थांना हाच आजार निघाला. त्यांनी फोन करून विचारलं, काय काय होतं ते जरा सांगा. मी सवयीने औषधांची नावं सांगत बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतंच. म्हणून बसून लिहितो आहे. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी माझा मूर्खपणा सांगणार आहे, आणि बायकोने मला त्यातून कसं बाहेर ओढलं ते.

ओडी, बीडी, टीडीएस

तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्या पाकिटावर मी पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतो. सूर्य असला की सकाळी घ्यायची, चंद्र असला की रात्री. डॉक्टरांचं अक्षर कितीही गचाळ असो, मी अडलो असं सहसा झालेलं नाही, आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता.

लोक नुसत्या चिठ्ठ्या आणत नाहीत, रिपोर्टही आणतात. डॉक्टरांपुढे विचारायची हिंमत होत नाही, माझ्यापुढे होते. पेशंट बाहेर ऑटोत बसलेला असतो आणि मुलगा किंवा जावई कागद घेऊन आत येतो. वाईट बातमी असली की मी खालच्या आवाजात म्हणायचो, "सीए आहे." डॉक्टर मंडळी कॅन्सरला सीए लिहितात आणि बोलतातही. पेशंटच्या देखत बोलायला ते सोयीचं पडतं. मुलगा मान हलवायचा आणि बाहेर जाऊन बापाला सांगायचा की गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. मला यात कधी वावगं वाटलं नाही. उलट एका माणसाचा धक्का आपण वाचवला असं समाधान वाटायचं.

मग माझं स्वतःचंच शौचावाटे रक्त पडायला लागलं.

दुसऱ्या कोणी येऊन हे सांगितलं असतं तर मी त्याला एक मलम दिलं असतं आणि बजावलं असतं की आठ दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरला दाखव. स्वतःला मात्र मी सात महिने मलम दिलं. फळीवर सगळं होतं, हात लांब केला की पुरे. मलमाने भागलं नाही तेव्हा गोळ्या सुरू केल्या. एका कंपनीच्या गोळ्यांनी काही झालं नाही तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या. डोस मीच ठरवला, वाढवलाही मीच. बायको, निर्मला, दर आठवड्याला म्हणायची की वर्ध्याला जाऊन दाखवून या. मी म्हणायचो, मूळव्याध आहे, मला कळत नाही का. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाइतका वाईट पेशंट जगात दुसरा नसेल.

खिडकीवर मिळालेला कागद

पल्लवी आमची एकुलती एक मुलगी. ती वर्ध्याला लागून पिपरी मेघेला राहते, शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने पाहिलं की मी पँट नाडीने बांधतो आहे, कारण पट्ट्याला भोकं उरली नव्हती. तिने माझ्याशी वाद घातला नाही. सरळ गाडीत घातलं आणि वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासायला गेला, सीटी झाला.

तुकड्याचा रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारलं, सही घेतली आणि पाकीट सरकवलं. रिपोर्ट कसा वाचायचा हे मला कोणी शिकवायला नको. वरचा मजकूर सोडून नजर थेट खाली जाते, निष्कर्षाच्या ओळीवर. मी पार्किंगमध्ये एका स्कूटरला टेकून ती ओळ वाचली. नंतर रुग्णाचं नाव आणि वय वाचलं, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना हे बघायला. थोड्या वेळाने मी त्याच स्कूटरवर बसलो. जिची होती ती बाई येऊन उभी राहिली, पण तिने मला उठा म्हटलं नाही.

तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल, तर निर्मलाला काय सांगायचं. मरण वगैरे नंतर आलं.

मी तिला सांगितलं की मूळव्याधच आहे, पण जुनी झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल. पल्लवीला खरं सांगितलं आणि तिच्याकडून शपथ घेतली. कारण असं दिलं की आईला बीपी आहे, तिला सोसणार नाही. पल्लवीने ते मानलं. आज इथे लिहून टाकतो की बीपीचा त्यात काही संबंध नव्हता. निर्मलाला खरं कळलं असतं तर तिने विचारलं असतं, कधीपासून? आणि सात महिने ती जे सांगत होती ते मी का ऐकलं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला माझ्या बायकोपुढे उघडं पडायचं नव्हतं. एवढंच.

पुढचे अठरा दिवस मी आणि पल्लवी तिच्यासमोर अक्षरांत बोलत होतो. रक्तातला कॅन्सरचा आकडा म्हणजे सीईए किती आला, एमआरआय कधी आहे, सीटीमध्ये लिव्हर एनएडी आहे, म्हणजे काही दोष सापडला नाही. निर्मला भाजी निवडत बसलेली असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलायचो. तिची आर्वीची बहीण फोनवर चौकशी करायची, तेव्हा निर्मला तिला मूळव्याधीची सगळी हकीकत सांगायची. मी शेजारी बसून ऐकायचो आणि जेवत राहायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

वॉर्डात सकाळी राउंड असतो. मोठे डॉक्टर पुढे आणि पोरसवदा डॉक्टर मागे. माझ्या पलंगाशी थांबून त्यातली एक मुलगी घडाघडा बोलली: अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, केसीओ डीएम, सीए रेक्टम, उद्या पोस्टेड. म्हणजे आधीपासून मधुमेह असलेला, गुदाशयाचा कॅन्सर झालेला, ज्याला उद्या टेबलावर घ्यायचं आहे असा माणूस. तो मीच होतो. निर्मला उशाशी उभी राहून तिच्याकडे कौतुकाने बघत होती. एवढीशी पोर किती भराभर इंग्रजी बोलते म्हणून.

दुपारी बाराच्या सुमाराला एक सिस्टर निळं पेन घेऊन आली. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर वाट काढतात आणि तिथे पिशवी लावतात. ती कुठे येईल याची खूण आदल्या दिवशी करतात. तिने मला बसवलं, वाकवलं, पायजम्याची नाडी कुठे बांधता ते विचारलं आणि पोटावर एक गोल काढला. मग निर्मलाला म्हणाली, "काकू, जवळ या. पिशवी बदलायची तुम्हालाही शिकायची आहे."

"कायची पिशवी?" निर्मलाने विचारलं.

सिस्टरची यात काडीचीही चूक नव्हती. घरच्या माणसाला माहीत असणारच असं धरून तिने सरळ सांगितलं, की कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काही महिने तरी ही लागते. मी पोट उघडं टाकून बसलेलो होतो आणि पोटावर निळा गोल होता. त्या अवस्थेत माणसाला काही सबबही सांगता येत नाही.

निर्मला ओरडली नाही. तिने सिस्टरला विचारलं की हे कधी निघालं. सिस्टरने फाईल पाहून तारीख सांगितली. निर्मलाने बोटांवर दिवस मोजले. मग पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीने मान खाली घातली, तेव्हा तिला तेही कळलं.

"मी चतुर्थीले केळझरले गेलती," ती मला म्हणाली. "गणपतीले एकवीस नारळ बोलून आली. मूळव्याध बरी होऊ दे मनलं. आता त्यानं मूळव्याधच बरी केली असंन तं?"

मला क्षणभर वाटलं ती चिडून टोमणा मारते आहे. नाही. तिच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. तिने देवाकडे चुकीचा आजार नेला होता, आणि जो आजार होता त्याच्यासाठी कोणीच काही मागितलं नव्हतं.

मी म्हणालो, देवाला काय कळत नाही का.

"देवाले सारं समजते. पन मांगा लागते तोंडानं. तुमी माह्या तोंडानं खोटं मांगाले लावलं."

तीस वर्षं मी लोकांचा धक्का वाचवत होतो. ज्याच्यापासून लपवलं तो माणूस त्या वेळात काय काय करत असतो, कोणाला काय सांगत असतो, कशासाठी हात जोडत असतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

संमतीच्या कागदावर माझी आणि नातेवाइकाची सही लागत होती. संध्याकाळपर्यंत द्या, असं सांगून गेले होते. निर्मलाने तो कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या उशाखाली ठेवला. म्हणाली, "सही मीच करीन. पन आंधी जाऊन येतो." तिने आपली कापडी थैली उचलली आणि निघाली. पल्लवी मागे धावली, गाडीने सोडते म्हणाली. तिला हातानेच थांबवलं. एसटीनेच गेली.

वर्ध्याहून केळझर काही फार लांब नाही. पण त्या दुपारी मला ते काशीइतकं लांब वाटलं. ती सकाळी बोलणारी डॉक्टर मुलगी दोनदा येऊन सही झाली का विचारून गेली. दुसऱ्यांदा पल्लवी म्हणाली, बाबा, मी करते सही, मीही नातेवाईकच आहे. मी नको म्हटलं. आई येईल, तीच करेल. त्या अठरा दिवसांत मी घेतलेला हा पहिला शहाणा निर्णय. पण ती आलीच नाही तर? रागाने सेलूला घरी निघून गेली तर? मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो.

दिवेलागणीला ती आली. कपाळाला कुंकू होतं, पायावर धूळ होती. नातेवाइकांच्या स्टुलावर बसून आधी पाणी प्यायली. मग डॉक्टर मुलीला बोलावून घेतलं आणि म्हणाली, यात काय काय लिहिलं आहे ते सगळं सांगा, अक्षरं सांगू नका. ती मुलगी खरंच पलंगाच्या कडेला बसली आणि एकेक ओळ उलगडून सांगत गेली. मधूनच ती अक्षरांवर घसरायची, की निर्मला थांबवायची. निर्मलाने दोनच प्रश्न विचारले. हे पुढे पहिल्यासारखं जेवतील का, आणि पिशवीला वास येतो का. मग सही केली. निर्मलाला पूर्ण नाव लिहायला वेळ लागतो, तेवढा घेतला.

मी हळूच विचारलं, केळझरला काय सांगितलं?

"मांगचं मागं घेतलं. हे नवीन मांगतलं. नारळ तेवढेच ठेवले, कावून का चूक माही नोयती." मग म्हणाली, "आता एक आयका. यापुढं कागद आला का मले वाचून दाखवाचा. पुरा. मंग त्यात काई बी असो."

मी हो म्हटलं.

पीओडी

एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. हे मी शेकडो कागदांवर वाचलं होतं. त्याचा खरा अर्थ असा की शेजारच्या पलंगावर कोणी पाण्याचा ग्लास खाली ठेवला की तो आवाज तुमच्या टाळूला लागतो. निर्मला ओल्या कापसाने ओठ पुसायची. चौथ्या दिवशी चमचाभर पाणी मिळालं, आणि देवाशपथ सांगतो, मी रडलो.

एसओएसचंही तसंच. वेदनेचं इंजेक्शन गरज पडली तर, असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. मी लोकांना सांगत आलो की उगाच घेऊ नका, सहन करा. त्यामुळे आता मागायला लाज वाटायची. दात आवळून पडलेला पाहून सिस्टरने मला झापलं. काका, दुखत असेल तर खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, मग छातीत कफ भरतो. मागून घ्या. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर मागून घ्या.

वॉर्डात सोमवार-मंगळवार नसतात. पीओडी एक, पीओडी दोन असे दिवस असतात, म्हणजे ऑपरेशननंतरचा पहिला, दुसरा. दोन दिवसांत निर्मलाही तसंच बोलायला लागली. आर्वीच्या बहिणीला फोनवर म्हणाली की आज पीओडी पाच आहे, खिचडी दिली. बहिणीला अजून मूळव्याधच माहीत होती. बाहेर कोणाला सांगू नकोस, अशी मी विनवणी केली होती आणि तेवढी एक निर्मलाने मान्य केली होती. तिला ते पटलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा वाकडा व्हायचा.

पल्लवीशी ती आठवडाभर तुटक बोलत होती. डबा घेतला, ठेवला, बस. पोरगी जिन्यात जाऊन रडायची. शपथ मी घातली, शिक्षा तिने भोगली. शेवटी एका दुपारी दोघींनी माझ्या पलंगाशी बसून एकाच डब्यात जेवण केलं. काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही.

पिशवीचं म्हणाल तर पहिल्यांदा बदलताना मी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. निर्मला घरी ब्लाउज शिवते. तिने सिस्टरकडून कात्री मागून घेतली, कागदावर आधी माप काढलं आणि पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीचं भोक असं नेमकं कापलं, की सिस्टरने ते शेजारच्या वॉर्डातल्या बाईला दाखवायला नेलं. त्यानंतर माझ्या पोटाकडे ती शिवणाच्या कामासारखं बघायला लागली. ही कडा नीट बसली नाही, इथे सुरकुती पडते आहे. मलाही मग भिंतीकडे बघायचं कारण उरलं नाही.

दुसरी ओळ

सुट्टी मिळाल्यावर काही दिवस पिपरी मेघेला पल्लवीकडे राहिलो. काढलेला भाग तपासायला गेला होता. त्याचा रिपोर्ट जावयाने आणून दिला. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. निर्मला तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि समोर येऊन बसली.

मी वाचायला लागलो. पहिली ओळ चांगली होती. मार्जिन फ्री, म्हणजे जिथून कापलं त्या कडा स्वच्छ, तिथे आजार उरलेला नाही. तिला हे सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

त्याखाली दुसरी ओळ होती. आजूबाजूच्या बारीक गाठी तपासतात, त्यांपैकी दोन गाठींपर्यंत आजार पोचला होता. कागदावर ते इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत होतं. तिला त्यातलं काहीही वाचता आलं नसतं. बाकी सगळं ठीक आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी इतक्या वेळा बोललो आहे की त्याला काही कष्टच पडत नाहीत. आणि ती इतकी सुखावली होती. निदान आजचा दिवस तरी, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मी म्हणालो, "निर्मला, अजून एक ओळ आहे."

आणि ती वाचली. दोन गाठींत गेला आहे. केमो घ्यावी लागेल, काही महिने. परत येणारच नाही असं कोणी लिहून देणार नाही. 

तिने विचारलं की केस जातात का. मी म्हटलं, या औषधाने फारसे जात नाहीत, हातापायाला मुंग्या येतात. तिने मान डोलावली. शेंगांचं सूप पुन्हा पुढे ओढलं, दोन-चार शेंगा सोलल्या आणि सोडून दिल्या.

"झालं? संपला कागद?"

"संपला."

तिने फोन घेतला आणि आर्वीला लावला. घरातल्या कोणाला ऐकू जाईल, शेजारी कोण आहे, काही पाहिलं नाही. नेहमीच्या आवाजात बोलली.

"अवं, मूळव्याध नाई. त्याईले कॅन्सर हाय. ऑपरेशन झालं, आता केमो देनार हाय. मी तुले खोटं सांगून राह्यली होती, आता खरं सांगतो."

आम्हा दोघांपैकी कोणाच्याही तोंडून तो शब्द तोवर पूर्ण निघाला नव्हता. मी डोळे मिटून बसलो होतो. शब्द बोलून झाला आणि काहीच कोसळलं नाही. स्वयंपाकघरात पल्लवीच्या हातातलं भांडं तेवढं थांबलं. पलीकडून रडण्याचा आवाज यायला लागला. निर्मलाने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"रडू नको," ती म्हणाली. "रडाचंच असंन तं इकडं ये. अन् येजो तं पोळ्या कराले येजो, माह्यानं एकटीनं नाई होत आता."

एकटीनं होत नाही, हे ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली. बहीण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली आणि पहिली केमो होईपर्यंत राहिली.